ॲक्सलवरची नळी

२ मार्च
माफ कर, वही. ऑक्टोबरपासून तुला हात लावला नाही. लिहिलं की कबूल केल्यासारखं होतं, म्हणून.

बाबांना समोरचं दिसेनासं झालंय. कडेकडेचं दिसतं, मधोमध नुसता डाग. टेबलावरची मीठदाणी चाचपून शोधतात. आणि ईस्टरला त्यांची जुनी एमजी गाडी बाहेर काढायची म्हणतात! चाळीस वर्षांवरच्या गाडीला तपासणी लागत नाही. सत्तरीपुढच्या माणसाने ‘मला नीट दिसतं’ असं स्वतःच लिहून दिलं की परवाना मिळतो. दोघंही इतके जुने की त्यांना कोणी तपासायचंच नाही.

कॉलिन फोनवर – “किल्ल्या काढून घे की, रो. सोपं आहे.” माझ्या भावाला लीड्सहून सगळंच सोपं दिसतं.

५ मार्च
ब्रेकच्या रबरी नळ्यांना खरंच भेगा पडल्यात. पुढच्या दोन बदलल्या. मागची ॲक्सलच्या वर – हात कसाबसा जातो, नजर जात नाही. बाबांनी दवाखान्यातला दात बघायचा आरसा आणून दिला. “अक्कलदाढ समज. बघायच्या फंदात पडू नकोस, बोटांनी चाचप.” जन्मभर लोकांच्या तोंडात त्यांनी असेच हात घातले.

नट सुटला. मी गाडीखालून ओरडले – “नाही निघत, बाबा!”

खोटं तोंडातून निघून गेलं.

९ मार्च
नवी नळी बसवलीय, पण नट नुसता बोटांनी फिरवून ठेवलाय. रोज चहानंतर गाडीखाली झोपते, पाना खडखडवते. नाटक! काम रेंगाळलं की ईस्टर टळेल. वरून बाबा – “गंज सोडवायचं तेल मार. घाई नको.” किती समजुतीने!

या घरात एकच नियम होता – ब्रेकबद्दल खोटं बोलायचं नाही. बाकी सगळ्याबद्दल खोटं बोललो. आईच्या आजाराबद्दलसुद्धा.

मी त्यांना वाचवतेय, की नुसतं भांडण टाळतेय? बहुतेक दुसरंच.

१० मार्च
कॉलिन – “गाडीवर डोळा आहे तुझा.” मी फोन आपटला.

१४ मार्च
कामावरून आले तर गॅरेज उघडं. गाडी नाही!

नट बोटांनी लावलेला. दुसरं काही सुचेना. शेजारच्या मिसेस प्रिचर्ड कुंपणावरून हसत – “अगं, दुपारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला मीच पेडल दाबून दिलं त्यांना. दाबा, धरा, सोडा – कवायत नुसती! गाडीखालून म्हणाले, पोरीने काम छान केलंय, तेवढं शेवटचं आवळायला विसरली.”

विसरली!

अंधार पडायच्या आत बाबा परत आले. गाडीवर ओरखडा नाही. बाबांचा चेहरा पांढराफटक. “ब्रेक छान लागतात, रो.” मग किती तरी वेळ हात धूत राहिले.

१५ मार्च
नाश्त्याला बाबा बोलले. “शाळेपाशी रस्ता मोकळा होता. माझ्या लेखी. कोणीतरी किंचाळलं, म्हणून ब्रेक दाबला. थांबलो तेव्हा बॉनेटच्या कडेला एक हात टेकलेला. एवढासा. तेवढाच दिसला मला.”

किल्ल्या टोस्टच्या ताटलीत ठेवल्या.

“तू विसरली नव्हतीस,” म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

उद्या – बाबांचा परवाना परत पाठवायला पाकीट आणणे.