डाव्या गुडघ्याची बातमी

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सरावानंतर डावा गुडघा सुजतो आणि तू मोजा वर ओढून लपवतेस, हे वाचून मला कामच सुचेना. मेमध्ये करार संपतोय, एकतीस वर्षांची दुखरी स्ट्रायकर कुठला क्लब ठेवील, म्हणून कुणाला सांगू नकोस म्हणालीस. मी फक्त देवाला सांगितलं. प्रार्थना मोठ्यानं म्हणायची माझी सवय आणि बाबा शेजारच्या खोलीत, त्याला मी काय करू?

त्यांचा जुना स्वेटर उसवून गुडघ्याची पट्टी विणलीय. तुझ्याकडे पाठवली तर तू बॅगेच्या तळाशी कोंबशील, म्हणून पार्सल तुमच्या कोचबाईंच्या नावे टाकलं. आत दोनच ओळी: डाव्या गुडघ्याला बांधावी, ती लपवते, तेव्हा समोर उभं राहून बांधून घ्यावी. चुकलं नाही ना?

माया आहेच, लिहायचा कंटाळा करू नये.

तुझी आई

१४ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. (हा सवयीनं.)

चुकलं नाही ना, म्हणे! कोचबाईंनी पार्सल सगळ्यांसमोर उघडलं. पट्टी एवढी मोठी, की आमच्या गोलकीपरनं ती डोक्यात घातली. सगळ्या लोळून हसल्या. कोचबाई तेवढ्या हसल्या नाहीत. चिठ्ठी खिशात घातली आणि मला सरळ डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्यातली गादी फाटू लागलीय. कित्येक आठवडे मैदान बंद.

रविवारी मी बाकावर आणि माझ्या जागी एकोणीस वर्षांची ती पोर, जिला आम्ही सुसाट म्हणतो. तिनं दोन गोल केले. मी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं धरून ठेवलेली जागा तू टपालानं घालवलीस. मी तुझ्याशी बोलत नाहीये, म्हणून लिहितेय.

बाबांना नमस्कार.

भिंगरी

२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद, तुला हवे असोत वा नसोत.

माझं चुकलं. आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. म्हणजे कळून सवरून केलं. बाबांनी घरातली पोस्टाची तिकिटं लपवून ठेवलीत. हे पत्र शेजारणीच्या तिकिटावर येतंय.

सुसाटनं गोल केला की ते टीव्हीवर रागावतात. मी म्हटलं, तीही कुणाची तरी लेक आहे, तिलाही गुडघे आहेत.

करार राहील की जाईल, मला कळत नाही. पण माझ्याशी भांडायला येशील ना, तेव्हा जिना धडधडत चढून ये. कठड्याला धरून आलेली लेक मला बघवणार नाही.

राग निवळला की दोन ओळी लिही. नाही निवळला तरी लिही.

आई

१९ मे

ती. आईस सा. न. (हा मनापासून.)

काल शेवटचा सामना झाला. बरोबरी असताना कोचबाईंनी मला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवलं. आठेक मिनिटं झाली असतील. गोलसमोर मोकळी होते, वळले आणि गुडघ्यात कळ आली. पूर्वी दात आवळून पळले असते. काल हात वर केला आणि स्वतःहून बाहेर आले. माझ्या जागी राखीव बसलेली सुसाट गेली, सामना बरोबरीतच सुटला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबलीस, आठवड्यात बरी होशील. पण बुटाच्या नाड्या सोडताना मला वाटलं, संपलं सगळं.

आज कोचबाईंनी खोलीत बोलावलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझं दुखणं मला तुझ्याकडून कळलं. गोल मारणाऱ्या पुष्कळ मिळतील, पण या पोरींना तोंड उघडायला कोण शिकवणार? करार एक वर्ष वाढवलाय. थोडं खेळायचं आणि बाकी वेळ सुसाटच्या मागे लागायचं. ती घोटा लपवतेय, हे मी आजच पकडलं.

आता एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. यापुढे कुठे दुखलं-खुपलं तर आधी कोचबाईंना सांगणार. तुझा नंबर दुसरा.

लोभ जरा आवरता घेतलास तरी चालेल.

तुझी भिंगरी