पुडीवरचं नाव

शनिवार पेठ, पुणे
२७ जुलै १९९१, सकाळी साडेसात

चि. सौ. नीरजास,
डॉक्टरकाकांचे अनेक आशीर्वाद.

दवाखान्याची पाटी बुधवारी उतरवतोय. पस्तीस वर्षांनी बंद होतोय म्हटल्यावर तिघेजण चौकशीला येऊन गेले, गाळा भाड्याने देणार का म्हणून. पुणंच हे! चारेकशे केसपेपर ज्याचे त्याच्या हातात दिले, नव्या डॉक्टरांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या. सोजरबाईंनी तर आपला कागद देव्हाऱ्यात ठेवलाय म्हणे.

तुझा तेवढा दिला नाही. परवा मागितलास तेव्हा "सापडत नाही गं" म्हणालो. तो माझ्या खणात होता. आत्ता समोर आहे.

परवा तू पुडीही टेबलावर तशीच ठेवलीस. "काका, दवाखाना बंद, तर गोळ्याही बंद. चौदा वर्षं ताकद घेतली, आता पुरे!" बाहेर पेशंट खोळंबले होते, तू हसत होतीस, मीही हसलो. तू स्कूटरला किक मारलीस आणि मी हात हलवला. त्याची मला लाज वाटते.

नीरजा, त्या गोळ्या ताकदीच्या नाहीत, फिट्सच्या आहेत.

अकराव्या वर्षी तुला झोपेत दोनदा फिट आली. तुझे वडील, आप्पासाहेब, हात जोडून म्हणाले, "मुलीची जात आहे डॉक्टर, बोभाटा नको." मी सुट्या गोळ्या कागदात बांधल्या, वर 'ताकद' लिहिलं आणि तेच लिहीत राहिलो. बारावीत डोस उतरवून पाहिला, तर तू स्वयंपाकघरात पडलीस. त्याला आम्ही चक्कर म्हटलं. निदान लग्नाआधी तुला सांगायला हवं होतं. पण तुझ्या वडिलांना दिलेला शब्द मोडवेना. आता ते नाहीत, तुझी आईही नाही. ही गोष्ट एकट्या मला ठाऊक आहे.

ही गोळी एकदम सोडली तर फिट येऊ शकते, आणि आली तर लवकर आवरत नाही. दोन रात्री गेल्या. पत्र वाचून होताच एक गोळी घे. स्कूटरला हात लावू नकोस. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे मी बरोबर येतो.

मी स्वतःच कोथरूडला यायला चपला घातल्या होत्या. पण दार तुझ्या सासूबाई उघडतात, फोनही त्याच घेतात. हे आधी तुला कळायला हवं. आमचा कंपाउंडर दिगंबर पुडी घेऊन आला तर कुणी काही विचारणार नाही. घरात कुणाला काय सांगायचं ते तू ठरव. तुझ्या वतीने आम्ही पुष्कळ ठरवलं.

केसपेपर सोबत आहे. पुडीवर या खेपेला औषधाचं खरं नाव लिहिलंय.

दिगंबर उत्तर घेतल्याशिवाय जिन्यावरून हलणार नाही. 'गोळी घेतली' एवढंच लिहून दे. बाकी काय बोलायचं ते सवडीने बोल, मी खाली मान घालून ऐकेन.

खाली 'काका' लिहायला आज हात धजत नाही.

डॉ. गोपाळकृष्ण