अर्जासाठी काढलेला फोटो

माय, मी काढलेल्या फोटोंत तुला डोकंच नाही. पंधरा-वीस फोटो असतील, सगळे मी सात-आठ वर्षांची असतानाचे, आणि सगळ्यांत तू मानेपर्यंतच. चुलीपुढे बसलेली तू, तांदूळ निवडणारे तुझे हात, ओल्या फोटोंना दोरीवर चिमटे लावताना वर झालेले तुझे दंड. एकही फोटो दाराबाहेरचा नाही, कारण तूच कधी बाहेर नसायचीस. पुढे बाबांचा स्टुडिओ, मागे दोन खोल्या आणि अंगण. मोहाडीचा बाजारसुद्धा तू भिंतीपलीकडून ऐकायचीस.

गिऱ्हाइकाला घाई असली की बाबा रोल संपायची वाट न बघता धुवायला घ्यायचे आणि उरलेले एक-दोन फोटो मला काढू द्यायचे. पोटाशी धरून वरून काचेत बघायचा तो जड कॅमेरा. माझं पोट केवढं उंच असणार? डोकी कापली जायची. बाबा तेही छापून द्यायचे आणि पोटभर हसायचे. माणूस वाईट नव्हता. पण तू भंडाऱ्याला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घ्यायची गोष्ट काढलीस, तेव्हा जेवता जेवता म्हणाले, "कायले? इथं काय कमी हाये तुले? बाई एकदा घराबाहेर गेली का मंग घराची राह्यत नाही." तू त्यांना वरण वाढलंस. मी तुम्हा दोघांच्या मध्ये बसले होते, आणि ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं.

अर्ज तू शेजारच्या बाईंकडून मागवलासच. त्यावर फोटो लागत होता. फोटोवाल्याची बायको, आणि स्वतःचा एक धड फोटो नाही! दुसऱ्याच्या स्टुडिओत गेली असतीस, तर संध्याकाळच्या आत बाबांना कळलं असतं. मग तू मला हाताशी धरलंस. माझ्या खेळातला फोटो बाबा काही न विचारता छापतील, आणि त्यातला चेहरा तू कात्रीनं कापून घेशील. पण सगळा तालुका भाताच्या रोवणीत गुंतलेला, स्टुडिओकडे कुणी फिरकेना. शेवटी एका दुपारी कॅमेरा माझ्या हाती आला, तेव्हा रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि अर्जाच्या मुदतीला चार दिवस.

तू दोरीवर पांढरी चादर टाकलीस, वेणी घातलीस, ठसठशीत कुंकू लावलंस. कॅमेरा स्टुलावर ठेवलास आणि मला म्हणालीस, "या खेपेले डोकं कापू नोको वं माय. मले पूरी घेजो."

"तू गेल्यावर मी कोनापाशी निजू?"

"दोन वर्साचं तं हाये. सुट्टीत येईनच ना मी," तू म्हणालीस आणि चादरीपुढे ताठ उभी राहिलीस.

रोल धुतल्यावर बाबा ओला फोटो घेऊन डार्करूममधून हसतच बाहेर आले. "पाय, तुया पोरीनं आखीन तुयं मुंडकं उडवलं." तूही हसलीस. ते गेल्यावर मला जवळ ओढून एवढंच विचारलंस, "हात हालला काय वं?" मी हो म्हटलं. अर्जाची घडी तू तांदळाच्या डब्यात खाली सरकवलीस, आणि पुढची सगळी वर्षं त्याच दोन खोल्यांत ओले फोटो वाळवत राहिलीस. लोकांची लग्नं, लोकांची बारशी.

एकोणीसशे ऐंशीनंतर त्याच शिक्षणाला मी भंडाऱ्याला गेले. तूच बाबांशी भांडून पाठवलंस. वसतिगृहातल्या खाटेवर मी तुझ्याच जागेवर झोपते आहे असं वाटायचं. सुट्टीत आले की तू माझ्या वह्या उलटून बघायचीस, आणि मी दुसरीकडे बघत बसायचे. सांगायला किती दुपारी होत्या, माय. आता लिहिते आहे, तर पाठवायला ठिकाण नाही. खरं म्हणजे ठिकाण नाही, म्हणूनच लिहायला धजले.

माझा हात हालला नव्हता. काचेत तू पूर्ण दिसत होतीस, कुंकवासकट, आणि इतकी सुंदर मी तुला कधी पाहिली नव्हती. मी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूखाली दोन बोटं घातली, तो पुढे कलता केला, काचेतून तुझा चेहरा गेला, आणि मग खटका दाबला. बाबा फोटो दाखवून हसत होते, तेव्हा तू आता जाणार नाहीस म्हणून मला फार आनंद झाला होता.