लवकर चढणारी, उशिरा उतरणारी

प्रिय भाऊजी,

वयाने मोठी म्हणून आधी आशीर्वाद. तुमचा गुडघा, तुमची शुगर आणि तुमची मतं सगळी ठणठणीत असतील अशी आशा आहे. (मतांची काळजी नाही, ती कधी आजारी पडल्याचं ऐकलं नाही.)

माझ्या बेंबीजवळच्या हर्नियाबद्दल फोनवर दिलेला सल्ला लक्षात आहे. "वहिनी, सरळ पूर्ण भूल घ्या, काही कळत नाही." खरं आहे. तुमच्या भावालाही काही कळलं नाही. टेबलावर झोपले ते झोपलेच. म्हणून मी ठरवलं, पोट तेवढं बधिर करायचं, आपण जागं राहायचं.

वाचनालयातून पुस्तकं आणली. (शाळा लहानपणीच सुटल्यामुळे मला वाचायला भरपूर वेळ मिळाला.) औषधं मुख्यतः दोन. लिग्नोकेन झटकन चढतं आणि झटकन उतरतं, तुमच्या उत्साहासारखं. ब्युपिव्हाकेनला चढायला वेळ लागतो, पण घरी पोचून अंथरुणावर टेकेपर्यंत ते सोबत करतं. माझं मत अर्थातच दुसऱ्याला.

मंगळवारी उपाशीपोटी गेले. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी, अशी तिथली पद्धत. मी खाटेवर, एका बाजूला सर्जन, दुसऱ्या बाजूला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. सर्जन म्हणाले, "लिग्नोकेन पुरे. अर्ध्या तासाचं काम." बाई म्हणाल्या, "तुमचा अर्धा तास मला माहीत आहे. ब्युपिव्हाकेनच." मग दोघांनी आपापले परदेशी अभ्यास बाहेर काढले. बोलत होते माझ्या पोटाकडे बघून, जणू निकाल तेच देणार. शेवटी मी खालून म्हटलं, दोन्ही मिसळा की, एक पुढे जाईल, दुसरं मागून येईल. मग सर्जन म्हणाले, "आम्ही नेहमी तेच करतो, आजी." (मग भांडत कशाला होतात, हे मी विचारलं नाही. सुरी त्यांच्याकडे होती.)

तेवढ्यात नर्स आली. "सोबत कोण?" एकट्या माणसाला घरी सोडत नाहीत म्हणे. मी आधीच ठोकून दिलं होतं की दीर येणार. आता दीर आणायचा कुठून? मी खाटेवरून उतरून बाहेर गेले. मांडीवर बायकोची पर्स सांभाळत बसलेला एक गृहस्थ दिसला, म्हणजे वळण चांगलं. बिचारा लगेच दीर व्हायला तयार झाला. नर्सने त्याला विचारलं, "पेशंटचं नाव?" म्हणाला, "वहिनी." "अहो, नाव!" "आमच्यात वहिनीच म्हणतात." "ऑपरेशन कसलं?" हा ठामपणे म्हणाला, "मोतीबिंदूचं."

मला घरी पाठवलं. हर्नियाही बरोबर आला.

बाकी सगळं उत्तम. काळजी नसावी.

तुमची,
वहिनी

ता. क. त्या गृहस्थाच्या बायकोचा डोळा छान झाला. तिला न्यायला माणूस होता.

आणखी एक. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. औषधाचं ठरलं, बाहेरच्या बाकावर कोण बसणार ते ठरायचं आहे. तुमच्या भावाच्या वेळी त्या बाकावर मी एकटी होते, तो बाक फार रुंद आहे. या. सल्ले घरी ठेवून या. आणि येताना माझं नाव आठवून ठेवा, नर्स विचारते. तुमचे भाऊ गेल्यापासून कुणी त्या नावाने हाक मारलेली नाही, मलाही ऐकायचं आहे.