बाबा, आपलं सांडपाणी कुठं जातं?

प्रिय बाबा,

खरं तर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं. वडिलांना पत्र लिहिताना तसंच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. पण सध्या तीर्थ या शब्दाशी माझं भांडण आहे, म्हणून नुसतं प्रिय. आणि तेही रागातच लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

उद्या सकाळी यजमानांच्या खोलीची फरशी फोडायला माणसं येणार आहेत. हो, तीच खोली. महाराष्ट्रातून गंगास्नानाला आलेले यात्रेकरू जिथं उतरायचे, जिथं तुम्ही त्यांच्या आईवडिलांची श्राद्धं केलीत, आणि जिच्याबद्दल हॉस्पिटलात नाकात नळ्या असताना तुम्ही मला बजावलंत, की त्या फरशीला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे. अण्णाकाका म्हणतात, निदान दादाचं तेवढं होऊ दे, मग फोडा काय फोडायचं ते. मी म्हटलं, नाही, त्याच्या आधी. तुमचा शब्द तुमच्या पाठीमागे गुपचूप मोडणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र.

पावसाळ्यात आईला कावीळ झाली. चांगलीच झाली, बाबा. अंथरुणातून उठून संडासापर्यंत जायला तिला माझा खांदा लागायचा. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? नळाचं. मग त्यांनी विचारलं, नळाच्या पाइपाजवळून घाणीची नाली जाते का? आणि मी काय तोऱ्यात उत्तर दिलं! म्हटलं, छे हो, आमचं घर सीवरला, गल्लीखालच्या गटारलाइनीला जोडलेलं आहे, आमचे बाबा दरवर्षी न चुकता सीवरचा कर भरायचे.

तुमचं ते बिल भरणं मला अजून दिसतं. बिल आलं की दुसऱ्याच दिवशी धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून तुम्ही निघायचात. सगळी गल्ली मुदतवाढीची वाट बघत बसलेली असायची आणि तुम्ही रांगेत पहिले. पावती आणून देवापुढे ठेवायचात, तिला हळदकुंकू लावायचात. पण बिल वाचताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, बाबा, यात जलकर लिहिलंय आणि सीवरकर लिहिलंय, ते वेगवेगळं का? तुम्ही म्हणालात, “दक्षिणा देणारा विचारतो का, गुरुजी तिचं काय करणार म्हणून? द्यायची आणि हात जोडायचे.” मला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आता आठवलं की डोकं तडकतं.

तुमच्या नावाचं बिल आईच्या नावावर करायचं होतं, म्हणून मी पाणीकराच्या ऑफिसात गेले. गेले ती भांडायच्याच तयारीनं. खिडकीतल्या बाबूला म्हटलं, नळाला गढूळ पाणी येतं, आई मरता मरता वाचली, आणि तुम्ही सीवरचे पैसे कशाचे घेता? त्यांनी बराच वेळ संगणकात बघितलं.

“मैडम, आपके मकान में तो सीवर का कनेक्शन ही नहीं है।”

“फिर टैक्स किस बात का?”

“टैक्स मकान पर लगता है, कनेक्शन पर थोड़े ही। गली में लाइन पड़ी है, तो लगेगा। जुड़वाना तो आपको था।”

तिथल्याच बाकावर बसून मी ते बिल पहिल्यांदा नीट वाचलं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल याचा एक अंदाज धरलेला असतो. त्याचा काही हिस्सा पाण्याचा कर, काही हिस्सा सीवरचा. आपण किती पाणी ओतलं, घरात दोन माणसं राहिली की वीस यजमान आंघोळी करून गेले, आपली घाण त्या लाइनीत पडली की दुसरीकडे वाहून गेली, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. अर्ध्या पानाचा कागद, बाबा. तुम्ही अख्खा वेद तोंडपाठ म्हणायचात आणि हा अर्ध्या पानाचा कागद एकदाही वाचला नाहीत?

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती चकित होईल. ती भिंतीकडे तोंड करून निजली. मग सांगायला लागली. गल्ली खोदून नवी लाइन टाकली तेव्हा माणसं घरोघर सांगत आली होती, जोडून घ्या. आपल्या घरातून गल्लीकडे जायची वाट एकच, यजमानांच्या खोलीखालून. तुम्ही म्हणालात, ज्या जमिनीवर लोकांचे पिंड मांडतो तिच्या पोटातून संडासाची नळी न्यायची? आईनं विचारलं, मग आपलं जातं कुठं? “मी दोनदा विचारलं गं,” ती म्हणाली. “म्हणाले, भरतो आहोत ना आपण? इथं भरलं की तिथं पोचतं.”

हे तुमचंच वाक्य. दशाश्वमेधावर छत्रीखाली बसून तुम्ही ते हजारदा म्हटलं असेल. एखादा रडवेला मुलगा विचारायचा, गुरुजी, हे माझ्या वडिलांना खरंच मिळतं का? आणि तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगायचात, इथं दिलं की तिथं पोचतं. त्या माणसाला त्यानं धीर यायचा, मी पाहिलं आहे. पण बाबा, ते पितरांसाठी होतं. संडासाला तो नियम कुणी लावला?

आणि आपल्या संडासाची जुनी नाली कुठून जाते हे तुम्हाला ठाऊक होतं. आईच्या स्वयंपाकघराखालून, पाण्याच्या पाइपाला खेटून. परक्यांचे पितर सोवळ्यात राहावेत म्हणून तुमच्या बायकोच्या चुलीखालून घाण वाहत राहिली. ती तिथंच बसून तुमच्या यजमानांसाठी वडे तळायची, खीर ढवळायची. तुम्ही कधी तिच्या बाजूनं एकदा तरी विचार केला होतात का?

अण्णाकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, पुढं मोठ्या नाल्याला मिळत असेल, उगाच झमेला नको. मला ‘असेल’ पुरेसं नव्हतं. घरात होळीचा हिरवा रंग उरला होता. आईला म्हटलं, मी फोन केला की बादलीभर कालवून संडासात ओत. आणि मी घाटावर जाऊन खालच्या पायऱ्यांपाशी उभी राहिले.

आला, बाबा. शेवटच्या पायरीशेजारच्या दगडी तोंडातून हिरवा आला आणि गंगेत पसरला.

तिथून हातभर अंतरावर एक बाई प्लास्टिकचा डबा भरत होती. बोलण्यावरून खानदेशातली वाटली. मी ओरडले, “मावशी, इथलं नका घेऊ, तिकडे पुढे जा.” तिनं वळून विचारलं, “का गं बाई, इथलं पाणी काय वंगाळ आहे? आमच्या गुरुजींनी तर इथंच आंघोळ करवली.” मी काय सांगायला हवं होतं? हे माझ्या बाबांच्या घरातून येतंय म्हणून? मी तिच्या हातातला डबा घेतला, ओतून टाकला आणि तिला वरच्या अंगाला नेऊन भरून दिला. तिनं मला आशीर्वाद दिला. तो घेताना माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

यजमानांना तुम्ही गंगेत साबण लावू द्यायचा नाहीत. कुणी चूळ भरून थुंकलं तर त्याला चार लोकांत झापायचात. आणि रोज पहाटे त्याच पायऱ्यांवर तुम्ही तीन वेळा आचमन करायचात. डोळे मिटून. उघडे ठेवून केलं असतंत तर बरं झालं असतं.

काका म्हणतात, सगळ्या जुन्या घरांचं तिथंच जातं, आपल्या एकट्यानं काय होणार आहे? असेल. पण सगळ्या घरांत माझी आई राहत नाही. आणि सगळ्या घरांचे बाबा घाटावर बसून लोकांच्या ओंजळीत पाणी ओतत नव्हते.

मला सर्वांत जास्त राग कशाचा येतो, माहीत आहे? तुम्ही अडाणी नव्हतात याचा. पुतण्या असताना तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलंत, मुखाग्नी रेवा देईल, श्राद्धही तीच करील. काका कित्येक महिने बोलले नाहीत, भावकीनं नावं ठेवली, तरी तुम्ही हटला नाहीत. मला स्वतः समोर बसवून मंत्र शिकवलेत, उच्चार चुकला की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलंत. एवढी जुनी रीत मोडायला तुमचा हात कचरला नाही आणि चार फरश्या उचलायला कचरला? का, बाबा? त्या मोडण्यात तुमचं मोठेपण दिसत होतं आणि यात नुसती नळी होती, म्हणून?

काल रात्रीच्या जेवणाला काका पुन्हा आले. म्हणाले, “वहिनी, पोरीला समजावा. खणलेल्या खोलीत दादाचं वर्षश्राद्ध कसं करणार?” आईनं आयुष्यात त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती. काल ताट बाजूला सारून म्हणाली, “खड्ड्याच्या काठावर बसून जेवतील. मी नाही का इतकी वर्षं नालीवर बसून रांधलं?” काका उठून गेले. ती शांतपणे पुन्हा जेवायला लागली. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण ती उष्ट्या हाताची होती आणि सोवळं अजून तिच्या अंगात आहे.

तर उद्या फरशी फुटेल. अर्ज मंजूर झाला आहे, पाइप अंगणात येऊन पडले आहेत. नाली दोन्ही तोंडांनी बंद करायची आणि पाण्याचा पाइप तिथून हलवायचा, असं ठरलं आहे. मिस्त्री म्हणतो, तिथीच्या आत होईल. पण गल्लीत काम अडलं तर लांबेलही.

लांबलं तर काय करणार, तेही आत्ताच सांगते. तुम्ही शिकवलेला एकही मंत्र मी विसरलेले नाही. आसन मांडीन, दर्भ घेईन, तुमचं नाव आणि गोत्र उच्चारीन. पण आपली नाली बंद होईपर्यंत तिळाचं पाणी सोडणार नाही. तिथी टळली तर टळू दे, काका रागावले तर रागावू देत, आणि तुम्ही तहानलेले राहिलात तरी थांबा. त्या खानदेशातल्या बाईच्या डब्यातलं पाणी मी ओतून दिलं, बाबा. तेच पाणी माझ्या बापाला मी माझ्या हातानं पाजणार नाही.

तुमचीच,
रेवा