जुन्या लादीवर नवी लादी

आये, स्वयंपाकघराची लादी बदलतोय. बदलतोय कसली, जुनीच्या डोक्यावर नवी बसवतोय. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, फोडाफोडी कशाला? घर जांभ्याचं, ठोकाठोकी केली तर भिंती हलतील. वरच्या वर चिकटवून देतो, चार दिवसांत मोकळे." ओटा तोच राहतोय. कपाटाची दारं घासून रंगवायची, खिडकीपाशी एक दिवा वाढवायचा, आणि लादी बोटभर वर येणार म्हणून दरवाजा खालून तासायचा, एवढंच काम. तुझी नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय, सातवा सरत आला. तुझी सून महिनाभर माझ्या मागे लागली होती, "मला बाकी काय नको. रंग नको, ट्रॉल्या नको. पण पोर भरल्या पोटानं या लादीवर चालणार नाय. खरखरीत लादी घाला, नायतर मी तिला सासरीच राहा म्हणून सांगते."

ती हट्ट करणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण या लादीपुढे तिचं डोकं चालत नाही. एकोणीस वर्षं ती फरशी पुसते आणि वाळेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहते, कुणाला आत पाय टाकू देत नाही. पावसाळ्यात लादी वाळायचं नाव घेत नाही, तेव्हा वर गोणपाट अंथरते. तुझी नात दुसरीत असताना एकदा ओल्या लादीवरून धावत आली, तर हिनं तिला अशी बडवली की शेजारणीला मध्ये पडावं लागलं. मी पडवीत पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला नाही.

ओटा बांधला तो माझं लग्न ठरलं त्या वर्षी. लोट्याच्या कंपनीत नुकता कायम झालो होतो, अंगात वारं भरलं होतं. तोवर तू जमिनीवर बसून चूल फुंकायचीस. मिस्त्रीनं विचारलं, "उंची कुणाच्या मापानं धरू?" तूच म्हणालीस, "सुनेच्या. ती उंच हाय. घर तिचं, माझं काय, आज हाय उद्या नाय." आपल्या वाडीत ओटे असेच बांधतात, येणाऱ्या सुनेच्या कमरेच्या मापानं, आणि घरात आहे तिचं माप कुणी काढत नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ओटा तुझ्या छातीला आला. चहा, कालवण तू कसंबसं निभावून न्यायचीस, पण तांदळाची उकड मळायची तर वरून खांद्याचा जोर लागतो. म्हणून तू जेवायचा पाट ओढायचीस आणि त्यावर चढून मळायचीस. पांढरीशुभ्र लादी चिपळुणातून पसंत करून मीच आणली होती. तू पहिल्या दिवशी भिंत धरून चाललीस. "मेल्या, हिच्यावर पाय ठेवायला पण भ्या वाटतं," म्हणालीस. सगळे हसलो.

आता पाटाचं सांगतो. त्याच्या खालच्या दोन पट्ट्यांपैकी एकीचा खिळा सुटला होता. तू मला तीनदा सांगितलंस. पहिल्यांदा म्हणालीस, पाट डुगडुगतोय. मग म्हणालीस, एक खिळा मार रे, दोन मिनटांचं काम. तिसऱ्यांदा तू हातोडीच आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलीस. मी म्हटलं, रविवारी बघतो. त्या रविवारी मॅच होती, आये. कुठली, कोण जिंकलं, आज काही आठवत नाही.

बुधवारी रात्रपाळी करून सकाळी कंपनीच्या बसनं घरी आलो. सून फरशी पुसून नळावर गेली होती. टोपलीत तिनं केलेल्या भाकऱ्या झाकून ठेवलेल्या होत्या. मला त्या नको होत्या. "आये, तू टाक की दोन, गरम," म्हटलं, बाप्या माणूस पस्तिशीला आलेला आणि लाड बघा. तू पाट ओढलास. मी न्हाणीच्या चुलीत लाकडं सारत होतो तेव्हा आवाज आला. धावत आलो तर पट्टी एकीकडे, पाट एकीकडे, आणि तू ओट्याच्या कडेखाली. हाताला अजून पीठ होतं. वाडीतली माणसं जमली, जीप आली, सुनेनं तुझं डोकं मांडीवर घेतलं. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी कागदपत्रं घेऊन येतो. आत आलो. गडबडीत पाटाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पाट आणि पट्टी उचलली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. जुनं फणसाचं लाकूड, लगेच धरलं. मग पिशवी घेऊन जीपमध्ये बसलो. कसं झालं म्हणून सुनेनं विचारलं तर म्हटलं, "पाय घसरला. लादी ओली होती."

एवढंच म्हणालो. ती पांढरी पडली. मला तेव्हा वाटलं, नंतर कधीतरी सांगू, आधी तुला बरं वाटू दे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात थोरल्या बहिणीलाही मी तेच सांगत होतो आणि तू डोळे उघडे ठेवून ऐकत होतीस. माझ्याकडे पाहिलंस. मग मान वळवून सुनेचा हात धरलास आणि म्हणालीस, "बाय, तुझा काय दोष नाय." आणखी एक शब्द बोलली असतीस तर मी सुटलो असतो. नाही बोललीस. पोराला झाकलंस. तिसऱ्या दिवशी गेलीस.

पुण्यानुमोदनाला सगळी भावकी बसलेली, वंदना झाली, आणि जेवणं आटपल्यावर थोरली बहीण सगळ्यांसमोर हिला म्हणाली, "लादी कोरडी करायला काय झालेलं गो तुला?" ही उठून मागल्या दारी गेली. मी पत्रावळी गोळा करत राहिलो. भ्याड माणूस मी, आये, दुसरा शब्द नाही. आजही ही लोकांना सांगते, आय जाता जाता मला माफ करून गेल्या, देवमाणूस होत्या. मी शेजारी बसून मान हलवतो.

काल लादी पुरी झाली. मिस्त्रीनं ओट्याला टेप लावला आणि सहज म्हणाला, "लादी वर आली, म्हणजे ओटा तेवढा खाली गेला बघा. बुटक्या माणसाला आता बरा पडंल." मी तिथून उठून परसात गेलो. आज दुपारी सून तांब्याभर पाणी घेऊन आली, सगळं लादीवर ओतलं आणि अनवाणी चालली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग एक पाय मुद्दाम घासून बघितला. नाही घसरला. "या ना, तुम्ही पण चाला," म्हणाली. मी चाललो. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. "तेव्हाच ही घातली असती तर आय आज पणतू बघायला असत्या, नाय ओ?" मी म्हटलं, "हो."

आये, तेव्हा तोंड उघडायला काय हरकत होती? दारात मिस्त्री नव्हता, बहीण नव्हती, ती आणि मीच. पोरगी परवा येईल, घर भरेल, मग बाळ, मग बारसं, आणि मला रोज नवं कारण मिळेल. कारणं शोधण्यात मी पटाईत आहे. न्हाणीची चूल अजून तीच आहे, हा कागद संध्याकाळी तिच्यातच जाणार.

ही आत्ताच डोकावून गेली. काय लिहिताय, म्हणाली. सामानाची यादी, म्हटलं. हे सगळं लिहायला हवं होतं ते तिला. तुला लिहिलं, कारण तुला वाचता येत नव्हतं.