गायक गेले, अजमानला

४ जाने., रवि.
एक माणूस मारला. रीलमध्ये. करायला नको होतं, पण रील काय पळाली राव!

झालं असं. मामाच्या दुकानात (शारजा, गाडीत स्पीकर-स्क्रीन बसवतो आम्ही) सावंतकाकांची जुनी गाडी आली. टेप काढून स्क्रीन टाकायची होती. आत कॅसेट अडकलेली. सोडवली, लावली, तर 'येतो म्हणा'! मामाच्या हातातला चहा तसाच राहिला.

हे गाणं आमच्याकडे सगळ्यांना पाठ. मामाच्या पिढीचं. एका रूमवर कुणीतरी कॉपी केली, त्याच्याकडून दुसऱ्याने, मग सुट्टीला जाताना बॅगेत साबणाच्या वड्यांबरोबर डायरेक्ट कोकणात. लग्नात वाजतं, रिटायरमेंटला वाजतं. कॅसेटवर नाव कुणाचंच नाही. एकदम स्लो, मागे ऑर्गन, आणि माणूस गळ्याने नाही, पोटातून गातो. अशा गाण्यांना सोल म्हणतात, मी मामाला सांगितलं.
"सोल? बुटाचा?"

मग दुबईच्या जुन्या भागात, 'बर दुबई'त, एका जुन्या कापडवाल्याला विचारलं, गायक कोण? त्याचा व्हिडिओपण काढला. म्हणाला, "इस्माईल? तो गेला रे. अजमानला."
मी रीलवर टाकलं: 'हा आवाज ज्यांचा, ते इस्माईलभाई गेले.'
एकच शब्द गाळला. जागा नव्हती.
(होती.)

६ जाने., मंगळ.
कमेंटमध्ये नुसते जोडलेले हात आणि मेणबत्त्या. मामीने डोळे पुसले. मामाची रिया, अकरा वर्षांची, तिने माझ्या मोबाईलमध्ये कापडवाल्याचा पूर्ण व्हिडिओ बघितला. "दादा, ही इज नॉट डेड. यू आर डेड." शावरमा खिलवून तोंड बंद केलंय. दोन दिवस टिकेल.

दुपारी सा.का.चा (सावंतकाकांचा) फोन. ते इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. २५ ला इस्माईलभाईंना श्रद्धांजली, अल नहदातल्या शाळेचा हॉल बुक. फिल्म मी करायची, साउंडपण मीच. आणि कार्डावर छापायचंय, 'शब्द: सावंत'.
"काका, तुम्ही लिहिलं?"
"मग कोणी? कधी बोललो नाही, एवढंच."
मामा बाजूलाच उभा, भाच्याचा केवढा अभिमान. सा.का.च्या कंपनीच्या सगळ्या पिकअप आमच्याकडे येतात. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

९ जाने., शुक्र.
दुकान बंद. अजमान. शारजाच्या पलीकडेच, पत्ता कापडवाल्याने दिला. तिसरा मजला, बाल्कनीत कढीपत्ता. म्हाताऱ्याने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
"मेल्या, मला मारणारा तूच काय?"
रील त्यांच्यापर्यंत कधीच पोचली होती. मी पाय धरायला वाकलो.
"ऊठ, ऊठ. आधी चाय पी."
काल गावाहून फोन आले म्हणे. इस्माईलचाचाने सगळ्यांना सांगितलं, मी त्याचा भाऊ बोलतोय, मयत शांततेत झाली. मग त्यांच्या बायकोने, चाचीने, फोन हिसकावला आणि खरं काय ते सांगून टाकलं, म्हणून मजा गेली.
"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही रे, गाणं कुणाचं. मेलो तर हॉल बुक झाला. आता २५ पर्यंत राहू दे मेलेला."

मला वाटलं सुटलो. मग मी कार्डाचं बोललो, शब्द: सावंत. चाचाचा कप अर्ध्यात थांबला.
"शब्द त्याचे नाहीत."
"मग तुमचे?"
"माझेपण नाहीत."
आतून चाचीचा आवाज: "पोराला खजूर दिलात काय?"
चाचा नुसते तिकडे बघत राहिले.

११ जाने., रवि.
मामाला स्पीकर आणायला जातो सांगून परत अजमान. आज सगळं कळलं.

चाचा हॉटेलच्या लाँड्रीत होते. भिंतीपलीकडे फॉरेनची बाई बँडबरोबर प्रॅक्टिस करायची, असली स्लो गाणी. शब्द कळत नव्हते, पण इस्त्री हातात आणि डोळ्यांतून पाणी. त्या वेळी फोन परवडत नव्हता आणि नफीसाचाचीला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती कॅसेटवर बोलून पाठवायची. गावाहून कुणी आला की त्याच्याबरोबर कॅसेट. पहिल्याच कॅसेटमध्ये भडकलेली:
"निघताना 'जातो' म्हणालात. असं म्हणतात काय? येतो म्हणा. आत्ता म्हणा, तिथून. मी ऐकते."
चाचाने तेच त्या बाईच्या चालीवर गायलं. बँडच्या ऑर्गनवाल्याने एका दुपारी रिकाम्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलं. खलास. बायकोचं नाव लिहिलं नाही, कारण कॅसेट पोरापोरांच्या रूमवर फिरणार.

चाचा: "माझं नाव नको. हिचं लाव."
चाची भांडी आपटत: "काय नको! मी काय गाणं लिहिलं? मी भांडले!"
पण मी निघताना तिने ती पहिली कॅसेट माझ्या हातात दिली. ओढणीत गुंडाळलेली. मी नीट म्हटलं, येतो.

१४ जाने., बुध.
सा.का.च्या ऑफिसात त्यांचा बाइट शूट केला. टाय घालून बसले.
"माझी आई एसटी स्टँडवर आली होती. बस सुटली तशी म्हणाली, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. तेच मी लिहिलं."
बारावी दोनदा हुकली माझी, पण कान शाबूत आहेत.
"काका, आई तुम्हाला अहो-जाहो करायची?"
"म्हणजे?"
"गाण्यात 'म्हणा' आहे. आई पोराला 'म्हण' म्हणेल. 'म्हणा' तर बायको म्हणते. नवऱ्याला."
काकांनी टाय सैल केला. मग हळूच म्हणाले, "एका रूममध्ये आम्ही बारा जण होतो रे. प्रत्येकाला वाटायचं, हे आपलंच गाणं." हे मात्र खरं बोलले. क्षणभर वाईट वाटलं त्यांचं.
मग टाय सरळ केला. "तो प्रश्न कट कर. आणि मामाला सांग, पुढच्या महिन्यात अजून पाच गाड्या पाठवतोय."
कळलं मला. गाड्या येतीलपण, जातीलपण.

२१ जाने., बुध.
फिल्म दोन बनवल्या. एक सा.का.ना दाखवली, पास झाली. दुसरी कुणीच बघितली नाही. तिच्यात एसटी स्टँड नाही. चाचीचा आवाज आहे, तिच्याच कॅसेटवरचा, आणि मग काळ्या पडद्यावर 'शब्द: नफीसा'.

चाचीला फोन करून विचारलं, लावू? तिने आधी कुकर बंद केला.
"लाव. पण मी तिथे बसलेय हे कुणाला कळता नये. लोक मागे वळून बघतात, मला नाही चालत."

मामीने जेवताना सहज सांगितलं, इथे खोटी बातमी पसरवली की पोलीस उचलतात. ताट बाजूला सारलं. रील डिलीट केली. आता काय उपयोग, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

२५ जाने., रवि. संध्या. ५.४०, हॉल
साउंडच्या टेबलामागे बसून लिहितोय. हॉल फुल. स्टेजवर चाचांचा फोटो, हार घातलेला. आत्ताच एक मिनिट सगळे उभे राहिले. चाचापण राहिले, टोपी खाली ओढून, सगळ्यांत सिरियस चेहरा करून. चाचीने कोपराने ढोसलं तेव्हा बसले.

सा.का. माईकवर. आईचा किस्सा सांगतायत, एसटी स्टँडपर्यंत आलेत. ते थांबले की फिल्म. दुसरी लावणार आहे. फिक्स. मामा पहिल्या रांगेत, मागे वळून मला अंगठा दाखवतोय. त्याला अजून काहीच माहीत नाही. नंतर मारेल. मारू दे.

चाचा शेवटी उठून उभे राहतील की गुपचूप घरी जातील, त्यांचंच ठरलेलं नाही. "बघू, हिचा आवाज आल्यावर."

एकच रिक्वेस्ट आहे, ही वही ज्याच्या हातात पडेल त्याला. माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांगा, रील, फिल्म, सगळं. पण ती हिरव्या ओढणीवाली बाई कुठल्या रांगेत बसलीय, ते प्लीज कुणाला सांगू नका. बोटपण दाखवू नका. तिला शांतपणे ऐकू द्या.